घाणेरीच्या फुलांचे दोन रंग

बालाघाटच्या उतारांवर आणि बांधांवर माजलेल्या घाणेरीबद्दल आमच्या बीड जिल्ह्यात कोणी चांगले बोलत नाही, आणि गवताची जागा बळकावणाऱ्या या झुडपाविषयीची तक्रार रास्तच आहे. तरीही फूल आणि कीटक यांच्यातील व्यवहार समजून घ्यायचा असेल, तर माझ्या मते तिच्या गुच्छाइतके उघड उदाहरण आपल्या परिसरात दुसरे नाही.

गुच्छाच्या मध्यभागी नुकतीच उमललेली फुले पिवळी असतात आणि मकरंद त्यांतच असतो. कडेची जुनी फुले नारिंगी, गुलाबी किंवा तांबडी होतात, तोवर त्यांतला मकरंद जवळजवळ संपलेला असतो. फुलपाखरे सोंड घालतात ती प्रामुख्याने पिवळ्या फुलांत. निसर्ग अभ्यासक फ्रिट्झ म्युलर यांचे ब्राझीलमधील असे निरीक्षण १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले, तर परागण होणे, म्हणजे फुलावर पराग पोहोचणे, हेच रंग बदलण्याचे निमित्त ठरते, हे दिल्लीतील वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम आणि गीता माथुर यांनी १९८४ मध्ये दाखवले.

मग रिकामी फुले झाड लगेच गाळून का टाकत नाही? गुच्छ जितका मोठा, तितका तो दुरून दिसतो. जवळ आल्यावर मात्र रंगच सांगतो की मकरंद कोठे आहे, त्यामुळे कीटकाचे श्रम वाचतात आणि पराग योग्य फुलावर पोहोचतो. सगळी फुले पिवळीच राहिली असती, तर वारंवार फसलेले फुलपाखरू ते झुडूप लवकर सोडून गेले असते. फसवणूक निसर्गात नाही असे नव्हे. ऑर्किडच्या सुमारे एक तृतीयांश जाती काहीही न देता कीटकांना बोलावतात, पण कीटक शिकत असल्याने अशा फुलांना भेटी कमी मिळतात आणि फळेही कमी धरतात. उलट खरे सांगणाऱ्या झाडांचे बी अधिक धरत गेले, तर तो गुण पिढ्यांमागून पिढ्या पसरतो. वयानुसार रंग बदलणारी फुले वनस्पतींच्या ७० हून अधिक कुळांत आढळतात, म्हणजे ही युक्ती अनेकदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली असली पाहिजे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. घाणेरी मूळची अमेरिकेतली, म्हणजे आपल्याकडील फुलपाखरांशी तिचे पूर्वापार नाते नाही, तरीही तिची खूण त्यांना कळते, कारण रंग आणि मकरंद यांची सांगड कीटक अनुभवाने घालतात. करडईचे फूलही पिवळे उमलून सुकताना तांबडे होते. रब्बीत शेतात गेल्यावर मधमाशा त्यांतल्या कोणत्या फुलांवर अधिक बसतात, हे वाचकांनी थोडा वेळ थांबून जरूर पाहावे.