तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या अर्जुनाला जीन्स का?

प्रयोगानंतर विंगेत, कुणाच्या लग्नात, गोकुळपेठेत भाजी घेताना, कुठेही गाठतात अन् एकच प्रश्न, “काऊन बाप्पा, अर्जुनाले जीन्स काऊन घातली?” म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आमचा ग्रुप हौशी, अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं ते जुनं नाटक, संगीत सौभद्र, आम्ही छोटं करून करतो, कपड्यांचं खातं माझ्याकडे. खरं सांगू तर सुरुवात तत्त्वाबित्त्वाने नाही, मखमलीच्या वासाने झाली. भाड्याची ड्रेपरी, टिकल्या गळलेल्या, आधी कोणाकोणाचा घाम मुरलेला, अन् मुकुट असा की गाताना मान हलली की तो डोळ्यावर. नागपूरच्या मे महिन्यात हे घालून बघा.

मग बलराम डोक्यात आला. या नाटकाची गंमत कपड्यावरच आहे ना, अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो, बलराम भगवं पाहून भुलतो अन् बहिणीला, सुभद्रेला, त्याच्याच सेवेला लावतो! आता सगळेच जरीत झळकत असले तर भगवी छाटी म्हणजे अजून एक पोशाख. पण थोड्या वेळापूर्वी जीन्स-कुडत्यात पाहिलेला पोरगा छाटी घालून येतो अन् सफारीतला बलराम वाकून पाया पडतो, तेव्हा देशपांडे सभागृहात जो हशा आला तो जरा चोरटा होता, घरातलंच कोणी पकडलं गेल्यासारखा.

परंपरेचं म्हणाल तर बालगंधर्वांचे स्त्रीभूमिकांतले फोटो बघा, नऊवारी, नथ, खोपा. द्वारकेत नऊवारी कोण नेसत होतं? अजिंठ्याच्या चित्रांत एक तरी नथ शोधून दाखवा. म्हणजे सौभद्र 1882 चं, पण सुभद्रा पुराणातली असूनही तिला कपडे दिले ते तेव्हाच्या घरंदाज मराठी बाईचे, आज आपण त्यालाच ‘ओरिजिनल’ म्हणतो. तिकडे लंडनमध्ये 1925 सालीच हॅम्लेट त्या काळच्या रोजच्या कपड्यांत झालं होतं, शेक्सपिअरच्या स्वतःच्या नटांचेही कपडे बहुतेक त्यांच्याच काळातले असायचे.

आमचं सगळंच जमलं असं नाही हं. कृष्णाला गॉगल दिला तो माझा आगाऊपणा, तो आला की लोक हसायचे अन् पुढची चार वाक्यं वाहून जायची, काढून टाकला. सुभद्रेची कुर्ती तर सपशेल फसली. ती भाषा, ते रुसणं, लाजणं, सगळं पदरावर चालतं, पदर नाही तर पद म्हणताना हात कुठे ठेवायचे हेच पोरीला समजेना. दुसऱ्या प्रयोगाला तिच्या आईच्या कपाटातली सुती सहावारी आणली अन् हात आपोआप जागेवर आले.

आमच्या गल्लीतल्या आजोबांना हे काहीच पटलेलं नाही, तरी प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत. मागच्या वेळी जाता जाता म्हणाले, “जीन्स राहू दे पोरी, पण गुडघ्यावरचं भोक तरी शिवून घे, राजाचा पोरगा आहे तो.”

शिवून घेतलं.