मुंगूस वेल्सला पोचलं तेव्हा

वायव्य वेल्सच्या डोंगरांत, कोल्विन आणि ग्लासलिन या दोन नद्यांच्या संगमावर बेथगेलर्ट आहे. करड्या दगडाची घरं, पाटीच्या दगडाची छपरं, दोन कमानींचा पूल, चार पावलांवर पब. गाव अर्ध्या तासात पायाखालून जातं. तरी इथे माणसांची रीघ असते, आणि ती एका कुत्र्यापायी.

गोष्ट अशी. तेराव्या शतकातला लेवेलिन राजा एकदा लाडक्या गेलर्टला न घेताच शिकारीला गेला. परतला तर कुत्रा शेपूट हलवत सामोरा आला, तोंड रक्ताने माखलेलं. आत पाळणा उपडा, बाळाचा पत्ता नाही. राजाने तलवार खुपसली. कुत्रा केकाटला आणि पाठोपाठ बाळाचं रडं ऐकू आलं. पाळण्याखाली बाळ सुखरूप, शेजारी मेलेला लांडगा! राजा पुन्हा कधी हसला नाही म्हणतात.

ओळखलीत ना? ब्राह्मणाची बायको, पाण्याची घागर, रक्ताळलेलं मुंगूस, मेलेला साप. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली, आपण शाळेच्या वयात ऐकलेली. ही गोष्ट सहाव्या शतकात पहलवीत, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत गेली, आठव्यात अरबीत, आणि तिथून युरोपभर फिरली. वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला. फ्रान्समध्ये ल्यों शहराजवळ तर याच गोष्टीतल्या कुत्र्याला संत मानून आया आजारी लेकरांसाठी नवस करायच्या. तेराव्या शतकातल्या एका धर्मोपदेशकाने चिडून ते लिहून ठेवलंय. वेल्सला पोचेतो सापाचा लांडगा झाला होता.

गेलर्टच्या कबरीकडे नदीकाठाने सपाट वाट जाते. दोन्ही बाजूंना मेंढ्या, त्यांना आपलं काही देणंघेणं नाही. झाडाखाली कठड्याच्या आत पाटीच्या दगडाचे फलक उभे आहेत, मजकूर इंग्रजीत आणि वेल्शमध्ये. थोडं पुढे छप्पर उडालेलं एक घर. दारातून डोकावलं तर आत ब्राँझचा कुत्रा उभा! माझ्या पुढच्या आजोबांनी डोळे पुसले. त्यांना पुढचा भाग सांगायची माझी छाती झाली नाही.

पुढचा भाग म्हणजे डेव्हिड प्रिचर्ड. हा गृहस्थ 1793च्या सुमारास दक्षिण वेल्समधून इथे आला आणि गोट हॉटेल चालवू लागला. फ्रान्सशी युद्ध सुरू असल्याने युरोपात फिरणं बंद झालेले हौशी इंग्रज तेव्हा वेल्सचे डोंगर बघायला येत होते. गिऱ्हाईक होतं, दाखवायला काहीतरी हवं होतं. लोककथा तोंडोतोंडी होतीच; प्रिचर्डने ती राजाला आणि गावाला चिकटवली, दगड उभे केले. गावाचं नाव खरं तर एखाद्या जुन्या साधुपुरुषावरून पडलं असावं. ऑगस्टिनियन मठवाशांच्या जुन्या मठाचं चर्च अजून उभं आहे, पण तिकडे फारसं कोणी वळत नाही. मला प्रिचर्डचा राग येत नाही. आपल्याकडे नाही का प्रत्येक लेणं पांडवांनी एका रात्रीत खोदलेलं असतं! शिवाय गावाने त्यालाही सोडलेलं नाही: मेल्यावर त्याचं भूत हॉटेलात हिंडायचं आणि चुलीच्या दगडाखाली पुरलेल्या मोहरांचा पत्ता बायकोला कळवूनच थांबलं, असं सांगतात.

कुत्र्यापलीकडेही गाव आहे. जवळची सिगन तांब्याची खाण 1903 साली बंद पडली. आता तिकीट काढून आत जाता येतं. दुकानातल्या बायका आपसात वेल्श बोलत होत्या, माझ्याकडे वळल्या की इंग्रजी. 2021च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे 17.8 टक्के, पण या ग्विनेड परगण्यात 64.4. तेवढे टिकवायचे तर तरुणांना गावात घर परवडायला हवं, आणि डोंगरातली घरं तर सुट्टीपुरत्या येणाऱ्या बाहेरच्या लोकांनी घेतलेली. म्हणून परगण्याच्या कौन्सिलने एप्रिल 2023पासून अशा दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराच्या वर 150 टक्के जादा कर लावलाय. पर्यटकांवर जगायचं आणि त्यांच्यापासून घरंही वाचवायची, हे त्रांगडं प्रिचर्डच्या वेळी नव्हतं.

जाताना पोर्थमॅडॉगकडे जाणारी छोटी रेल्वे जरूर धरा. ही लाइन 1930च्या दशकात बंद पडली होती. हौशी लोकांनी खपून 2011 साली ती पूर्ण सुरू केली. दक्षिण आफ्रिकेत राबलेली गॅरट जातीची वाफेची इंजिनं ती ओढतात. खिडकी उजवीकडची घ्या, ग्लासलिन नदी त्याच बाजूला आहे. मात्र अॅबरग्लासलिनच्या घळीचा बराच भाग बोगद्यांत जातो, तेव्हा पायांत बळ असेल तर तेवढा टप्पा कोळ्यांच्या पायवाटेने चालत करा. बूट चांगले हवेत, खडक ओले असतात.