चार्ल्सटनच्या बायकांचा आवाज लागला

मंडळी, आवाज लागला! क्लबच्या कार्यक्रमात दाखवायच्या ‘आय ॲम समबडी’ या माहितीपटाची जुनी सोळा मिमी प्रिंट (प्रोजेक्टरवर चालवायची फिल्मची प्रत) गुलाबी पडली आहे आणि तिचा आवाज घुसमटलेला येतो, इथे मागची नोंद थांबली होती. प्रिंट गुलाबीच राहणार, त्याला इलाज नाही. त्या काळच्या ईस्टमनकलर या रंगीत फिल्ममधला निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि लाल तेवढा मागे उरतो. आवाजाचं कोडं मात्र सुटलं, आणि ते कसं सुटलं हे सविस्तर लिहितो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे सोळा मिमीची प्रोजेक्टर मशिनं आहेत.

चित्रपट तोच, मॅडलिन अँडरसन यांचा ‘आय ॲम समबडी’, १९७० चा, अर्ध्या तासाचा. १९६९ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला रुग्णालयातल्या चारशेहून अधिक कृष्णवर्णीय कामगारांनी संप केला. त्यात बहुतेक बायका होत्या. तासाला १ डॉलर ३० सेंट मजुरी, आणि युनियन बांधायला निघालेल्या १२ जणांना कामावरून काढलेलं. ही सगळी हकिकत संपातल्याच एक कामगार, क्लेअर ब्राउन, आपल्या आवाजात सांगतात. म्हणजे या चित्रपटात आवाज गेला तर चित्रपटच गेला. आमच्या न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या फिल्म क्लबात येणाऱ्या कितीतरी मावश्या-आज्यांनी उभं आयुष्य रुग्णालयात काम केलं आहे. त्यांना ही बाई अर्धीमुर्धी ऐकू येणं मला मान्य नव्हतं.

लक्षण असं होतं: ‘स’, ‘श’, ‘फ’ सगळे गायब. गोधडीआडून कुणी बोलावं तसं. बारीक घरघरही होती, पण ती लवकर सापडली. फिल्मच्या कडेला आवाजाचा ट्रॅक छापलेला असतो; एक्सायटर दिव्याचा उजेड स्लिट लेन्समधून बारीक रेषा होऊन त्यावर पडतो आणि पलीकडचा फोटोसेल तो वाचतो. हॉलमधल्या ट्यूबलाइटचा उजेड या फोटोसेलवर पडत होता. साउंड हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या या भागावर, काळा पुठ्ठा लावला, घरघर थांबली. घुसमट तशीच.

मग नेहमीचे संशयित. स्पीकर बदलला. ॲम्प्लिफायरमधले जुने कपॅसिटर बदलले. एक्सायटर दिवा नवा मागवला, तर त्याची फिलामेंटच तिरकी निघाली. दिवे घेताना स्वस्त नव्या मालापेक्षा जुन्या बंद खोक्यातला माल घ्या, हे माझं मत आता पक्कं झालं आहे. तो दिवाही मिळाला, लावला, फरक शून्य. दुसरीकडे माझं टेस्टचं रीळ, शाळेच्या ग्रंथालयातून निघालेला जुना शैक्षणिक लघुपट, त्याच मशिनवर खणखणीत वाजत होतं. जाणकारांचा निकाल ठरलेला: प्रिंट झिजली आहे, सोडून द्या.

पण ट्रॅक भिंगाखाली पाहिला तर रेषा स्वच्छ. झिजलेला ट्रॅक असा दिसत नाही.

धागा मिळाला तो चित्रावरून. टेस्टच्या रिळावरून या प्रिंटवर आलं की दर वेळी चित्राचा फोकस किंचित फिरवावा लागायचा. हात सवयीने फिरवायचा. त्या संध्याकाळी एकदम डोक्यात आलं, चित्राचा फोकस हलतो तर आवाजाचाही हलणारच! लीडरचं (फिल्मच्या सुरुवातीच्या पट्टीचं) टोक ओल्या ओठाला लावून पाहिलं. ज्या बाजूला चिकटतं ती इमल्शनची, म्हणजे चित्र आणि ट्रॅक ज्या थरात असतात त्याची. दोन रिळांची इमल्शनं उलटसुलट! कॉपी कुठल्या पिढीच्या निगेटिव्हवरून काढली, यावर इमल्शन भिंगाकडे येणार की दिव्याकडे हे ठरतं.

आता गणित बघा. फिल्मची जाडी साधारण ०.१५ मिमी. इमल्शन बाजू बदलतं तेव्हा ट्रॅक तेवढा पुढे-मागे सरकतो. सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने फिल्म सुमारे १८३ मिमी धावते, म्हणजे ६००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट फिल्मवर जेमतेम ०.०३ मिमी जागा घेते. स्लिट लेन्सची प्रकाशरेषा जरा पसरली की दोन-दोन लाटा एकदम वाचल्या जातात आणि वरचे स्वर पुसले जातात. खर्ज शाबूत राहतो, म्हणून दोष स्पीकरचा वाटत राहतो.

उपाय: स्लिट लेन्सचा स्क्रू अर्धा सैल करायचा, फिल्म चालू ठेवायची आणि लेन्स केसभर सरकवत ट्रॅकची खरखर ऐकायची. खरखर सगळ्यात तीक्ष्ण होते ती जागा. लेन्स गोल फिरू देऊ नका, नाहीतर रेषा तिरकी होऊन नवं दुखणं सुरू होतं. मी दोन्ही जागांवर दोन रंगांच्या नेलपॉलिशच्या खुणा केल्या आहेत.

आणि मग क्लेअर ब्राउन बोलल्या. एकेक व्यंजन लख्ख. आमच्या क्लबच्या अध्यक्षबाई निवृत्त परिचारिका आहेत; त्या खुर्ची ओढून स्पीकरजवळ जाऊन बसल्या आणि रीळ संपताच म्हणाल्या, “पुन्हा लाव.” लूपही, म्हणजे मशिनमध्ये फिल्मला दिलेला सैल वळसा, नीट बसला होता. सोळा मिमीत आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे असतो, त्यामुळे लूप थोडा चुकला तरी ओठ आणि शब्द जुळत नाहीत. सभेतल्या भाषणांत ते तंतोतंत जुळले. फिल्मच्या कडेची फाटलेली भोकं टेपने सांधली होती, ती एकदाही अडकली नाहीत.

कार्यक्रमाचा बेत मात्र बदलतोय. उत्तरार्धात कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो यांचा १९२० चा मूकपट पियानोसह ठेवला होता. आता वाटतं, संध्याकाळ पूर्ण अँडरसन यांनाच द्यावी. त्यांचा पहिला माहितीपट ‘इंटिग्रेशन रिपोर्ट १’ १९६० चा, जेमतेम वीस मिनिटांचा, आणि त्यात कवयित्री माया अँजेलो यांचं गाणं आहे. तो डिजिटल दाखवू. प्रिंट हाती आहे म्हणून दाखवण्याचा हक्क मिळत नाही, तेव्हा दोन्हींचा परवाना एकदमच मागतो. मिशो पुढच्या खेपेला. मूकपटाच्या वेगावर तशीही स्वतंत्र नोंद लागेल.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं होतं. न्यू जर्सीतल्याच एडिसन गावातल्या मराठी मंडळींना या कार्यक्रमाला बोलवायला याहून चांगलं निमित्त कुठलं? निमंत्रण मराठीतही काढतो.

कुणाकडे बझ ट्रॅकचं टेस्ट रीळ पडून असेल तर कळवा. प्रकाशरेषा ट्रॅकच्या बरोबर मधोमध पडते का, ते कार्यक्रमाआधी तपासायचं आहे. टपालखर्च माझा.