आज क्विन्सची छाटणी झाली एकदाची

सकाळपासून क्विन्सच्या झाडापाशीच होते (ज्याच्या बियांना बिहीदाणा म्हणतात तेच हे झाड), पानं सगळी गळलीयेत त्यामुळे फांदी न् फांदी नीट दिसत होती. मागच्या वेळी मी सगळे शेंडे सरसकट छाटले आणि मग फळं आली फक्त दोन, फार वाईट वाटलेलं. नंतर कळलं की याला गेल्या वर्षीच्या वाढीवर जो नवा फुटवा येतो त्याच्या टोकाला फूल लागतं, म्हणजे शेंडे गेले की फळंही गेली. म्हणून आज फक्त वाळक्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या अन् बुंध्यातून आलेले फुटवे काढले, मधे उजेड-वारा खेळेल एवढंच. खालची डागाळलेली पानंसुद्धा वेचून लांब टाकली, बुरशी त्यातूनच परत येते. मुळं वरवर असतात त्यामुळे कुदळ अजिबात लावली नाही, कंपोस्ट पसरलं बास.

ती दोन फळं कच्ची इतकी कडक आणि तुरट होती, पण मंद आचेवर शिजवली तर फिकट गर हळूहळू गुलाबी-लालसर होत गेला, घरभर सुगंध!! अजून आठवतोय. आता कळ्यांची वाट बघतेय.