गुलाबी द्राक्षं

ग्राम स्टेनिंगचं, म्हणजे रंग देऊन जंतूंचा गट ओळखायचं प्रॅक्टिकल. जांभळा दिसला तर ग्राम पॉझिटिव्ह, गुलाबी दिसला तर निगेटिव्ह. स्लाइड फोकस झाली आणि मी बिनधास्त जर्नलमध्ये लिहून टाकलं: गुलाबी, ग्राम निगेटिव्ह.

मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. "द्राक्षांचा घड दिसतोय की रे. आणि गुलाबी?"

घड म्हणजे स्टॅफिलोकोकस हा जंतू, ग्राम पॉझिटिव्ह. तो जांभळाच दिसायला हवा. जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, तो पक्का करायला आयोडीन, धुवायला अल्कोहोल, शेवटी गुलाबी सॅफ्रानिन. क्रम तोंडपाठ आहे. पण अल्कोहोल टाकलं आणि मी शेजारच्याशी गप्पा मारत बसलो. जाड पेशीभित्तिका जांभळा रंग धरून ठेवते खरी, पण अल्कोहोल जास्त वेळ राहिलं की तीही हात टेकते. १८८४ मध्ये ग्रामसाहेबांनी मांडलेली पद्धत मी काही सेकंदांत उलटी करून दाखवली!

"जंतू नाही चुकला, तुझा हात चुकला," एवढंच म्हणून मॅडम पुढच्या टेबलाकडे गेल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

कारण घड मलाही दिसला होता. खरंच दिसला होता. रंग एवढा ठळक होता की आकाराचं मी ऐकलंच नाही.

"बायोमेडिकल सायन्स म्हणजे डॉक्टर होणार का?" असं लोक विचारतात. नाही हो. आम्ही मागच्या खोलीतले. पेशंट आम्हाला पाहत नाही, आम्ही त्याला पाहत नाही. आमच्याकडून जाते ती रिपोर्टवरची एक ओळ, आणि अँटिबायोटिक कोणतं द्यायचं हे तिच्यावर ठरू शकतं.

जर्नलमधली ती ओळ खोडलीय. स्लाइडवर न टिकलेला जांभळा रंग मात्र तीनदा साबण लावूनही बोटांवरून जात नाहीये.