बचावपटूचं पुढे काय होणार, हे कशावरून ओळखायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ओंटारियोत ज्युनियर आइस हॉकीच्या टीमसाठी मी सामन्यांच्या व्हिडिओचं काम करते, त्यामुळे हिवाळाभर हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. कधी मिसिसागातलं एखादं मराठी कुटुंब असतं: "ताई, आमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे, डिफेन्सला खेळतो, त्याचं पुढे काही होईल का?" कधी नव्यानं हॉकी बघायला लागलेले मित्र ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक टीम दर वर्षी तरुण खेळाडू निवडतात त्या निवडीच्या, यादीतल्या एखाद्या नावाबद्दल हेच विचारतात. प्रश्नाबरोबर आकडे येतातच. गोल इतके, असिस्ट (गोल करून देणारे पास) इतके, उंची सहा फूट दोन इंच.

आकडे मी ऐकून घेते, पण मला जे बघायचं असतं ते त्यांत नसतं. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आपल्या कोपऱ्यात गेलाय, पोराची पाठ खेळाकडे आहे, मागून समोरच्या टीमचा फॉरवर्ड सुसाट येतोय, आणि पक अजून पोराच्या स्टिकवर पोचलेला नाही. ते दोन-तीन सेकंद मला बघायचे असतात. बचावपटू वरच्या पातळीवर टिकेल की नाही, याचा निम्म्याहून जास्त अंदाज मी तिथे बांधते.

का, ते सांगते. समोरच्या टीमला ब्लू लाइनवर, म्हणजे आपला बचावाचा भाग सुरू होतो त्या निळ्या रेषेवर, वाट मिळाली नाही की ती पक खोलवर टाकून देते आणि त्याच्या मागे लागते. एका सामन्यात हे कितीतरी वेळा होतं, आणि दर वेळी कुणातरी बचावपटूला वळून, आपल्याच गोलकडे तोंड करून पक आणायला जावं लागतं. २००४-०५चा एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च हॉकी लीगचा, पूर्ण मोसम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला. त्यानंतर खेळ सुरू झाला तो बदललेल्या नियमांनी. पक नसलेल्या खेळाडूला धरणं, अडवणं, स्टिक अडकवणं यावर काटेकोर शिक्षा होऊ लागली. दोन रेषा ओलांडणारा लांब पास चालू लागला. गोलरेषेमागच्या कोपऱ्यांत जाऊन पक खेळायला गोलकीपरला बंदी झाली, गोलच्या बरोबर मागचा एक पट्टा तेवढा त्याच्यासाठी उरला. आधी जोडीदार त्या सुसाट येणाऱ्या फॉरवर्डला जरा खोळंबवून धरायचा, नाहीतर गोलकीपर पुढे येऊन पक देऊन टाकायचा. आता पक आणायला गेलेल्यानं आपली सुटका आपणच करून घ्यायची.

गेल्या हिवाळ्यात असाच एक पोरगा बघितला. अंगानं मध्यम, डावखुरा. पक उजव्या कोपऱ्यात गेला आणि हा मागे निघाला. गोलरेषेच्या बऱ्याच अलीकडे त्यानं खांद्यावरून मागे नजर टाकली. थोडं पुढे जाऊन पुन्हा टाकली. पहिल्या नजरेत कळतं की कोण येतंय आणि किती जण येतायत. दुसरीत कळतं की येणाऱ्याची स्टिक कुठल्या बाजूला आहे आणि तो किती जवळ आलाय. मग त्यानं वेग जरासा कमी केला. घाबरलेला पोरगा इथे वेग कधीच कमी करत नाही, सरळ बोर्डात, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीत, घुसतो. यानं डोकं आणि खांदा बोर्डाच्या बाजूला झुकवला, फॉरवर्ड त्या बाजूला फसला, आणि तेवढ्यात यानं पक बॅकहँडनं आत ओढून गोलच्या मागून जोडीदाराला दिला. जोडीदारानं सेंटरला, म्हणजे मधल्या फॉरवर्डला, आणि सेंटर मोकळ्या बर्फावर निघालाही. स्कोअरशीटवर यातलं काही उतरलं नाही. मी ती क्लिप कापून ठेवली आहे आणि नव्या मुलांना आधी तीच दाखवते.

याच्या उलट, पक स्टिकवर आला की चमकणारी पण मागे न बघणारी मुलंही प्रत्येक टीममध्ये असतात. ज्युनियरमध्ये त्यांचं निभावतं, कारण तिथला फॉरवर्ड अर्धा सेकंद उशिरा पोचतो. मोठ्यांच्या लीगमध्ये तो वेळेवर पोचतो. मग हीच मुलं पक बोर्डावरच्या काचेवर आपटून कशीबशी बाहेर काढू लागतात, पक पुन्हा समोरच्यांकडे जातो, आणि महिन्याभरात कोच त्यांना बेंचवर बसवतो.

आता गोल-असिस्टचं. सतरा वर्षांच्या बचावपटूचे गुण, म्हणजे गोल आणि असिस्टची बेरीज, बहुतेक वेळा पॉवर प्लेवर जमलेले असतात. समोर शिक्षेमुळे एक खेळाडू कमी, वेळ भरपूर, आणि ब्लू लाइनवर उभं राहून पास द्यायचा. त्यात कौशल्य नाही असं मी म्हणत नाही. पण एनएचएलच्या टीममध्ये एका सामन्यात सहा बचावपटू खेळतात, तीन जोड्या, आणि पॉवर प्लेची पहिली जागा त्यांतल्या एखाद्यालाच मिळते. राहिलेल्यांना पाचास पाच असताना आणि आपला एक जण शिक्षा भोगत असताना उरलेल्या चौघांत खेळून पोट भरायचं असतं. म्हणून मी आई-वडिलांना विचारते, याच्याकडून पॉवर प्ले काढून घेतला तर कोच याला कशासाठी खेळवेल? या प्रश्नावर जे गप्प होतात त्यांची मला खरंच काळजी वाटते, कारण तो पोरगा अजून दोन वर्षं त्याच कौतुकात वाढणार असतो.

उंचीबद्दल फार बोलत नाही. २०६ सेंटिमीटरचा झ्डेनो चारा १९९६ साली ५६वा निवडला गेला. १७५ सेंटिमीटरचा जेरेड स्पर्जन २००८ साली १५६वा निवडला गेला, ज्या टीमनं निवडला तिनं करारही केला नाही, आणि पुढे तो मिनेसोटाचा कॅप्टन झाला. उंच पोराची स्टिक लांब पोचते आणि गोलसमोर त्याला हलवणं अवघड असतं, हा फायदा खराच. पण उंच पोराला वळायला वेळ लागत असेल तर तो फायदा कोपऱ्यातच संपतो. स्केटिंगमध्येही मी सरळ रेषेतला वेग मोजत नाही. उलटं जाताना सुलटं वळणं, तेही वेग न घालवता आणि दोन्ही बाजूंना, यावर माझं लक्ष असतं. बहुतेक मुलांची एक बाजू कच्ची असते, आणि समोरच्या टीमला ती तुमच्या आधी कळते.

२०१२चा ड्राफ्ट मला फार शिकवणारा वाटतो. त्या वर्षी पहिल्या दहा निवडींतले आठ बचावपटू होते. त्यांतून मॉर्गन रायली, हॅम्पस लिंडहोम, जेकब ट्रूबा यांच्यासारखे लांब पल्ल्याचे खेळाडू निघाले, आणि चौथ्या क्रमांकावर निवडलेल्या ग्रिफिन राइनहार्टला एनएचएलचे फक्त ३७ सामने मिळाले. त्याच ड्राफ्टमध्ये कोल्टन पॅरेको ८६व्या आणि जेकब स्लाविन १२०व्या क्रमांकापर्यंत कुणी उचलला नव्हता. पॅरेको २०१९ साली सेंट लुईसबरोबर स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. स्लाविनला २०२१ आणि २०२४ साली लेडी बिंग ट्रॉफी मिळाली. सभ्य खेळासाठीची ही ट्रॉफी बचावपटूला क्वचितच मिळते. २०२०-२१च्या मोसमात त्याला एकच शिक्षा झाली, दोन मिनिटांची, आणि खेळत होता तो समोरच्या सगळ्यांत चांगल्या फॉरवर्डांविरुद्ध! तो हे कसं करतो ते बघा. समोरचा पक घेऊन येताना स्लाविन अंगावर जात नाही, अंतर हळूहळू कमी करतो, स्टिकचं पातं बर्फावर ठेवून पासची वाट बंद करतो, आणि समोरच्याला बोर्डाकडे ढकलत नेतो. घाई करावी लागते ती समोरच्याला. निकलस लिडस्ट्रॉम हेच करायचा. तो १९८९च्या ड्राफ्टमध्ये ५३वा होता आणि नंतर त्यानं मोसमातल्या सर्वोत्तम बचावपटूला मिळणाऱ्या नॉरिस ट्रॉफ्या सात वेळा घेतल्या.

बचावपटू उशिरा पिकतात, हे म्हणूनच लोक म्हणतात. मला त्यात एवढंच घालायचं आहे की सगळे पिकत नाहीत. ज्याच्या खेळात दर मोसमाला काहीतरी नवं येतं त्यालाच थांबायचा फायदा होतो. डंकन कीथ २००२ साली ५४वा निवडला गेला, शिकागोकडून खेळण्याआधी दोन मोसम एनएचएलच्या खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये नॉरफोकला घासला, आणि पुढे दोन नॉरिस आणि तीन स्टॅन्ली कप त्याच्या नावावर लागले. मार्क जिओर्दानोला तर ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नाही. मध्ये एक मोसम तो रशियात खेळून आला, आणि वयाच्या ३५व्या वर्षी नॉरिस घेतली. केल मकार २०१७ साली चौथा निवडला गेला, तरी दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळला आणि मगच कोलोरॅडोकडे गेला. त्यामुळे सोळाव्या आणि सतराव्या वर्षाच्या क्लिपा मी शेजारी शेजारी लावते. गेल्या वर्षी एकदाच मागे बघणारा पोरगा यंदा दोनदा बघायला लागला असेल, तर मला त्याच्या गुणांची यादी नको.

चुकीनंतरची शिफ्ट, म्हणजे तो पुन्हा बर्फावर उतरतो ती पाळी, मी आवर्जून बघते. त्याच्या चुकलेल्या पासवरून आपल्यावर गोल बसला, तर पुढच्या वेळी तो जोडीदाराकडे पक मागतो की पहिल्या संधीला काचेवर मारून मोकळा होतो? मागणारा पोरगा मला आवडतो, पुन्हा चुकला तरी.

उजव्या हाताचे बचावपटू कमी असतात आणि कोचला उजव्या बाजूला ते हवे असतात, म्हणून तशा पोराला एखादी संधी जास्त मिळते. ते त्याच्या हाती नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका.

राहिला प्रश्न "होईल का" चा. ३२ टीम गुणिले सहा म्हणजे एनएचएलमध्ये बचावपटूंच्या १९२ जागा, जगभरातून. त्यामुळे एनएचएलचं नाव घेऊन मी कुणालाही हो म्हणत नाही. पण स्वीडन, फिनलंड, जर्मनीच्या लीग आहेत, अमेरिकन हॉकी लीग आहे, तिथेही माणसं हॉकीवर संसार करतात आणि त्यांचं हॉकी उत्तम असतं. शिवाय आता वेळही वाढलाय. कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकन विद्यापीठांची दारं आधी बंद होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएनं, म्हणजे अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेनं, नियम बदलला आणि २०२५-२६च्या मोसमापासून ती उघडली. वीस वर्षांच्या, अजून शिकत असलेल्या बचावपटूला याहून चांगली बातमी नाही.

तेव्हा टीम निवडताना नावाजलेली टीम किंवा पॉवर प्लेचं आश्वासन बघू नका. कोचला दोन गोष्टी विचारा: एका गोलची आघाडी असताना शेवटच्या दोन मिनिटांत याला पाठवणार का, आणि कोपऱ्यातून पक काढायचा सराव आठवड्यातून किती वेळा होतो. पहिल्याचं उत्तर "अजून नाही, पण जानेवारीपर्यंत" असं आलं तरी चालेल. दुसऱ्याचं उत्तर द्यायला कोच घुटमळला, तर दुसरी टीम बघा.