१९११ की ए-वन?

शिसवाचा ठोकळा दोन महिने टेबलावर पडून होता. रे रोडच्या वखारीतून आणला तेव्हाच ठरलं होतं, कोल्ट .४५ पिस्तुलाचं निम्म्या मापाचं लाकडी मॉडेल करायचं. खरं पिस्तूल साडेआठ इंच, म्हणजे माझं सव्वाचार. अडलं ते एवढ्यावरच, की जुनं १९११ करायचं की नंतरचं १९११ ए-वन.

लांबून दोन्ही सारखीच. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, तोच, पाच इंची नळी तीच. अमेरिकी लष्कराने हे पिस्तूल मार्च १९११ मध्ये स्वीकारलं. पहिल्या महायुद्धात वापरून झाल्यावर ते हातात नीट बसावं म्हणून फेरफार केले आणि १९२६ मध्ये ए-वन हे नाव दिलं. बदल बहुतेक मुठीच्या आसपासचे. ट्रिगर आखूड झाला, त्याच्या मागे फ्रेमला दोन्ही अंगांनी बोटासाठी खाच आली. ग्रिप सेफ्टी, म्हणजे मूठ धरल्यावर दबणारी मागची सुरक्षा-कळ, तिचं शेपूट लांबलं, त्यामुळे मागे येणारा हॅमर, म्हणजे ठोका देणारी हातोडी, अंगठ्याच्या बेचक्यातल्या कातडीला चावत नाही. आणि मुठीची पाठ जुन्यात सरळ, नव्यात फुगीर.

आपल्या कामात खरी मेख इथेच आहे. फुगीर पाठ आणि लांब शेपूट तासून जुनं रूप देता येतं. जुन्याचं नवं करायचं तर लाकूड जोडावं लागतं, आणि शिसवात सांधा दिसतोच. खाचेचं उलट, एकदा कोरली की गेली. म्हणून बाहेरची रेघ ए-वनची मारून कापलं, खाचांना हात लावला नाही.

निर्णय शेवटी मुठीच्या पट्ट्यांनी केला. जुन्याच्या पट्ट्या अक्रोडाच्या, प्रत्येक स्क्रूभोवती शंकरपाळ्यासारखा सपाट भाग सोडून बाकी बारीक जाळी. दुसऱ्या महायुद्धातल्या ए-वनच्या बहुतेक पट्ट्या तपकिरी प्लॅस्टिकच्या. लाकडात प्लॅस्टिकची नक्कल करायला माझं मन घेईना. आधी सागाच्या तुकड्यावर जाळी कोरून पाहिली, अर्ध्या मिलिमीटरच्या रेघांत कंगोरे तुटून पडले. शिसवाने मात्र धार धरली. त्याच रात्री कानस घेऊन पाठ सरळ केली, शेपूटही आखूड केलं. फार सुंदर दिसते ती सरळ पाठ!

मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, सरकतं ठेवायचं आहे, पण त्याची पोकळी ऑक्टोबरशिवाय कोरणार नाही. परळच्या आमच्या खोलीत पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा घट्ट बसवलेलं नंतर खुळखुळतं.

डाव्या पट्टीचं वरचं शंकरपाळं झालं आहे. तीन बाकी.